शुक्राची शिंगं

२० फेब्रुवारी, गुरुवार

ही वही स्टुडिओतल्या अपॉइंटमेंट लिहायला आणली होती. पासपोर्टच्या फोटोला कुणी अपॉइंटमेंट घेत नाही, हे आणल्यावर लक्षात आलं. तेव्हा कोऱ्या पानांवर आता माझंच लिहितो. कुणी वाचलं तर वाचणाऱ्याचं नशीब.

आज आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. उजव्याचीही सुरुवात आहे. इंजेक्शनं देऊन टिकेल तेवढं टिकवू म्हणाले. कडेचं दिसत राहील, पण समोरचं बारीक हळूहळू जाईल. मग त्यांनी विचारलं, "आजी, सरळ रेषा वाकड्या दिसायला लागून किती दिवस झाले?"

"चार महिने," आई म्हणाली.

"मग तेव्हाच का नाही आणलंत?" हे मला.

मी तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितो. चार महिन्यांपूर्वी आई म्हणाली होती की दाराची चौकट मधे वाकलीय. मी गवंड्याचा ओळंबा आणला, चौकटीला लावला आणि चौकट अगदी सरळ असल्याचं तिला सिद्ध करून दाखवलं. वर म्हणालो, "आई, या वयात तरी थापा सोड." बायकोसुद्धा हसली. आई भाजी निवडत बसली.

चार महिने. मला स्वतःची लाज वाटते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्या सगळ्या गोतावळ्यात आईला 'थापाडी' म्हणतात. प्रेमानं म्हणतात, पण म्हणतात. ती म्हणाली दूध नासलंय, तर दुसऱ्यानं वास घेऊन बघायचा, ही आमच्या घरची रीत.

याचं मूळ बहात्तर वर्षांपूर्वीचं. आई नऊ वर्षांची होती. एका संध्याकाळी अंगणातून ओरडत आत आली की शुक्राच्या चांदणीला शिंगं फुटलीत. धाकटा भाऊ, म्हणजे माझे मामा, तेव्हा आठ वर्षांचे, तिच्या शेजारीच उभे होते. आजोबांनी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "कसली शिंगं? साधा ठिपका आहे. ताई थापा मारते." आजोबा आईला डोळे तपासायला घेऊन गेले. तपासणारा म्हणाला, असे तीक्ष्ण डोळे हजारात एखाद्याचे. म्हणजे डोळ्यांत दोष नाही, म्हणजे पोरगीच खोटारडी, असा निकाल लागला.

मामांना पुढे अकराव्या वर्षी बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला. त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही, ओघात आठवलं म्हणून लिहिलं. शाळेत दोघं एकाच खोलीत बसायची आणि आई त्यांना फळ्यावरचं वाचून दाखवायची, असं आजी सांगायची. भावावर माया फार.

२२ फेब्रुवारी, शनिवार

समोरचा चष्मेवाला माझा तीस वर्षांचा मित्र. त्याच्या काचेच्या कपाटात एक हातभर लांबीची दुर्बीण आहे, शोभेला ठेवलेली. आज सहज त्याला आईची गोष्ट सांगितली, हसायला म्हणून. तो हसला नाही.

"शिंगं असतात की," तो म्हणाला. "शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मधे यायला लागला की चंद्रासारखी कोर दिसते. दुर्बिणीतून कुणालाही दिसेल. नुसत्या डोळ्यांनी लाखात एखाद्याला, तेही डोळे फारच चांगले असतील तर."

मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलो.

मग तो हिशेब करायला लागला. दर आठ वर्षांनी शुक्र जवळजवळ त्याच दिवसांत त्याच जागी येतो, दोन-तीन दिवसांचा फरक. आठ नव्वे बहात्तर. म्हणजे आईनं पाहिली तीच कोर याच महिन्याभरात पुन्हा येतेय. रोज बारीक आणि मोठी होत जाईल, रोज सूर्याकडे खाली सरकेल, आणि मार्चच्या मध्यानंतर उजेडात बुडेल. यानंतरची दीड वर्षानं.

दीड वर्षानं आईला त्याचा फोटोसुद्धा दिसणार नाही. काढायचा तर आत्ताच.

दुर्बीण घेऊन आलो. नळीच्या मागे बसणारा तिरका आरसा हरवलाय, त्यामुळे मांजरासारखं वाकून खालून बघावं लागतं. मोटर वगैरे नाही, दोन चाकं हातानं फिरवायची. चालेल. मी चाळीस वर्षं हातानंच सगळं केलंय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तीन संध्याकाळी गच्चीवर. चांगला अंधार पडेपर्यंत थांबतो, तारे दिसायला लागले की सुरू करतो. शुक्र सापडतो, पण दुर्बिणीत नुसता भडका. वर लाल, खाली निळा, मधे पांढरा गोळा. कॅमेरा दुसऱ्या ट्रायपॉडवर बसवून त्याचं भिंग दुर्बिणीच्या भिंगाला भिडवलं. आलेला फोटो म्हणजे पेटलेला बटाटा.

शिवाय तो थांबत नाही! तीस सेकंदांत चौकटीबाहेर. मी आजवर रडणारी बाळं, शिंकणारे म्हातारे, लग्नाआधीच भांडणारी जोडपी, सगळ्यांना स्थिर बसवलं. याला 'हलू नका' कसं सांगायचं?

आई गच्चीच्या दारातून म्हणाली, "मी उजेड असताना पाहिली होती रे. दिवेलागणीच्या आधी."

"आई, उजेडात तारे दिसत नाहीत," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

१ मार्च, शनिवार

मामांचा फोन. ते चौदा तारखेला येतायत. पंधराला आईची तपासणी आहे, म्हणाले ताईबरोबर मीच जाणार. मी उत्साहाच्या भरात सगळं सांगून टाकलं.  मग म्हणाले, "तू फोटोवाला. तुझ्या फोटोवर कोण विश्वास ठेवणार? तू आमच्याकडच्या लग्नाच्या फोटोत नसलेल्या काकांना उभं केलं होतंस."

ते अर्धंच खरं आहे. काका बसून होते, मी फक्त उभे केले.

बायकोचं मत आणखी सरळ. "अहो, एक पांढरा कोयता काढायला तुम्हाला कितीसा वेळ? परवा त्या गृहस्थांचं टक्कल पाच मिनिटांत भरून दिलंत. काढा आणि द्या आईंना. त्यांना कुठे कळणार आहे?"

मी जेवण अर्धवट टाकून उठलो. नंतर भूक लागली ती वेगळी गोष्ट. पण वहीत शपथ लिहून ठेवतो: या फोटोला मी हात लावणार नाही. उजळवणार नाही, कापणार नाही, फिरवणार नाही, सरळसुद्धा करणार नाही. जसा कॅमेऱ्यात येईल तसाच कागदावर.

५ मार्च, बुधवार

दोन दिवस ढग होते. आज दुकान लवकर बंद करून वर गेलो, तर अजून लख्ख उजेड. सूर्य नुकताच पलीकडच्या इमारतीमागे गेलेला. (सूर्य असताना दुर्बिणीचं टोपण काढलंस तर डोळा जाईल, अशी चष्मेवाल्यानं मला तीनदा तंबी दिलीय. घरात एका माणसाचे डोळे गेले तेवढे पुरे.)

रिकामा बसलो होतो म्हणून आकाश बघत राहिलो. आणि निळ्या आकाशात एकदम सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका सापडला. उजेडातच! घाईघाईनं दुर्बीण फिरवली. भडका नाही, रंग नाही. निळ्यावर पांढरी, स्वच्छ कापलेल्या नखासारखी कोर.

मी गच्चीवर एकटाच ओरडलो. शेजारच्या गच्चीवर कपडे काढणाऱ्या बाई घाबरून खाली गेल्या.

आकाश उजळ असलं की त्याची चकाकी डोळ्यांना झोंबत नाही, म्हणून आकार दिसतो. आई हेच आठ दिवसांपूर्वी सांगत होती. मी पुन्हा तेच केलं.

खाली येऊन तिला म्हणालो, "तुझं बरोबर होतं."

"कशाबद्दल?" ती म्हणाली. खरंच विचारत होती. तिला सवयच नाही हे ऐकायची.

९ मार्च, रविवार

आता पद्धत बसली. ग्रहाच्या मागे धावायचं नाही. तो ज्या बाजूनं सरकतो, त्याच्या थोडं पुढे दुर्बीण लावून ठेवायची, चाकावरचे हात काढायचे, थरथर थांबू द्यायची, आणि तो आपल्या पायानं चौकटीत येईल तेव्हा लांबच्या वायरनं बटण दाबत राहायचं. गिऱ्हाइकालाही असंच करतो मी. 'हलू नका' म्हणून ओरडण्यापेक्षा गप्प बसलं की चेहरा आपोआप जागेवर येतो.

तरी आज सगळे फोटो हलले. खाली कुणीतरी जिन्याचं दार आपटलं. उद्या आईचं पहिलं इंजेक्शन.

१० मार्च, सोमवार

इंजेक्शन झालं. डोळ्यात सुई म्हटल्यावर मलाच घेरी आली, नर्सनं मला बसवलं. आईनं मला पाणी दिलं.

१२ मार्च, बुधवार

आला. आला. आला.

दोनशे बारा फोटो काढले, त्यात एकशे सत्तावन्नावा. वारा पडलेला, हवा धुतल्यासारखी. कोर इतकी बारीक की दोन्ही टोकं केसासारखी होत निळ्यात विरलीयत. एवढीशी दुर्बीण, शोभेची, आरसा हरवलेली! मी चाळीस वर्षांत हजारो चेहरे टिपले, पण असा नाही. 

१३ मार्च, गुरुवार

मोठ्या कागदावर छापला, दाराच्या अर्ध्या फळीएवढा. शपथ पाळली, काहीही केलेलं नाही. गुंडाळून ठेवलाय. उद्या मामांच्या समोर उलगडणार. चष्मेवाल्यालाही बोलावलंय. आईला आज दाखवायचा मोह फार झाला. आवरला.

१४ मार्च, शुक्रवार

सगळं क्रमानं लिहितो.

मामा दुपारी आले. संध्याकाळी सहा वाजता टेबलावर कागद उलगडला. मामांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. चंद्राचा फोटो."

मी काही बोलायच्या आत आई पुढे झाली. हल्ली ती मान वळवून कडेनं बघते. बराच वेळ पाहिलं तिनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं, आणि म्हणाली, "हा उलटा ठेवलाय."

"नाही आई, असाच आहे. मी हात लावलेला नाही," मी म्हणालो.

"उलटा आहे रे. शिंगं खाली कशी असतील? शिंगं वर होती. जराशी उजवीकडे कललेली." आणि तिनं कागदाची दोन टोकं धरून तो टेबलावर पूर्ण फिरवला. "अशी."

मामा मोठ्यानं हसले. "बघ! प्रत्यक्ष फोटोलाच चूक म्हणतेय. थापाडी ती थापाडीच!"

आणि मी, लिहायला लाज वाटते, मी मामांच्या बाजूनं बोललो. "आई, कॅमेरा खोटं बोलत नाही."

चष्मेवाला तेवढ्यात दारात आला होता. त्यानं चप्पल काढता काढता माझ्याकडे असं पाहिलं, जसं कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधणाऱ्या माणसाकडे बघतात. "चल वर," तो म्हणाला. "आजी, तुम्हीपण चला. हळूहळू येऊ, घाई नाही."

आई कठडा धरून तीन मजले चढली. मामांनी तिची खुर्ची उचलली. वर चष्मेवाल्यानं दुर्बीण शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे लावली आणि मला म्हणाला, "बघ आणि सांग."

"टाकी दिसतेय."

"नीट बघ."

मी नीट पाहिलं. टाकी आकाशातून खाली लोंबकळत होती. तारेवरचे कपडे वरच्या दिशेनं टांगलेले. या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं, वरचं खाली आणि डावं उजवीकडे. कॅमेरा तिच्यात डोकावत होता, त्यालाही उलटंच दिसलं.

तीन आठवडे मी या नळीत बघतोय आणि माझ्या लक्षात आलं नाही! दुसऱ्या कुणाच्याही पहिल्या मिनिटाला आलं असतं. पण मी काम शिकलो ते लाकडी खोक्याच्या कॅमेऱ्यावर, डोक्यावर काळं फडकं घेऊन. त्याच्या काचेवर माणूस कायम उलटा दिसायचा, डोकं खाली, पाय वर. माझ्या डोळ्यांना उलटं हेच सुलटं.

 आईनं या दुर्बिणीत एकदाही पाहिलेलं नाही, त्या बारीकशा भिंगातून बघणं तिला आता जमतही नाही. फोटो तिनं आज उलगडेपर्यंत पाहिला नव्हता. मी चुकलो होतो, कॅमेरा चुकला होता. नऊ वर्षांच्या मुलीनं जे पाहिलं, ते मात्र बरोबर होतं.

मामा हळूच म्हणाले, "चंद्रही असाच असतो. फोटो चंद्राचाच असणार."

"धाकट्या," आई म्हणाली, "मागे वळून बघ."

पूर्वेला, घरांच्या वर, पूर्ण चंद्र उगवत होता. थाळीएवढा, वाटोळा. आणि पश्चिमेला, अजून उजेड असलेल्या आकाशात, मी दुर्बीण लावली. ग्रह पुढच्या बाजूनं येऊ दिला.

मामा वाकले. "धूसर आहे."

"चष्मा काढा, मामा," चष्मेवाला म्हणाला. "हे चाक तुमच्या डोळ्यापुरतं फिरवा. इथे चष्मा लागत नाही."

मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चाक फिरवलं, थोडं इकडे, थोडं तिकडे. आणि थांबले. ग्रह चौकटीबाहेर गेला असणार, तरी ते डोळा काढेनात. मी पुन्हा जागेवर आणून दिला. तीन वेळा आणून दिला.

"ताई," ते तसेच वाकलेले, "शिंगं आहेत गं."

"आहेतच," आई म्हणाली.

मग मामा उठले ते थेट तिच्या खुर्चीसमोर खाली जमिनीवर बसले, ऐंशी वर्षांचा माणूस, मांडी घालून. म्हणाले, "मला फळासुद्धा दिसायचा नाही."

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "मीच वाचून दाखवायची ना."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुला चष्म्याची किती भीती वाटायची. चष्मा लावणाऱ्या त्या एका पोराला सगळी कशी छळायची शाळेत. म्हटलं, थापाडी तर थापाडी, ते काही अंगाला टोचत नाही."

मामा तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. चष्मेवाला कारण नसताना दुर्बिणीचं टोपण पुसत राहिला. आई मामांच्या डोक्यावरून हात फिरवत पश्चिमेकडे बघत होती, मान वळवून, कडेनं.

एवढ्या आनंदाच्या प्रसंगी मधेच शाळेचा फळा कुठून निघाला, ते मला काही कळलं नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "अहो, तुमची ती वही पहिल्यापासून एकदा वाचा." माझी वही हिनं कधी वाचली?

१५ मार्च, शनिवार

तपासणी चांगली झाली. उजवा डोळा आहे तिथेच थांबलाय. डॉक्टर म्हणाले, आजी जे सांगतील ते लगेच मला कळवत जा. मी म्हणालो, लगेच.

संध्याकाळी शुक्र शोधला. ढगांच्या पट्टीत एकदाच, दोरा चमकावा तसा दिसला आणि गेला.

२३ मार्च, रविवार

मामांनी गावी पोचल्यापासून सपाटा लावलाय. चुलत, आते, मावस, एक नातेवाईक सोडला नाही. प्रत्येकाला फोन करून स्वतःच सगळं सांगतात. आमच्या फोनवर तर आता नावही सांगत नाहीत. आज सकाळी मी उचलला तर पलीकडून खणखणीत आवाज, "थापाड्या बोलतोय. ताईला दे."

फोटो स्टुडिओत लावला, गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोर, शिंगं वर, जराशी उजवीकडे. आई खाली आली होती. चौकटीच्या कडेवरून नजर फिरवून म्हणाली, "वाकडा लागलाय."

मी सवयीनं खणातून ओळंबा काढला. मग परत ठेवला. आई "थोडा डावीकडे, अजून थोडा, आता बरोबर" म्हणेपर्यंत चौकट फिरवली आणि खालून खिळा मारून पक्की केली.

दुपारपासून येणारा प्रत्येक जण खुर्चीत बसल्या बसल्या सांगतो, "अहो, तो फोटो वाकडा आहे."

"सरळ आहे," मी म्हणतो. "हनुवटी खाली घ्या."